टॉम विल्स आणि क्षमेचा अधिकार

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा इतिहास सांगणारी माणसं टॉम विल्सपाशी आली की त्यांचा सूर हमखास ओलावतो. क्रिकेटपटूंचं अंग हिवाळ्यात आखडू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढा, असं पत्र जुलै १८५८ मध्ये मेलबर्नच्या क्रीडापत्रात लिहिणारा तो हाच. पुढच्या वर्षी १७ मे रोजी सहकाऱ्यांबरोबर बसून या खेळाचे पहिले दहा नियम ठरवणाऱ्यांतही तो होता. नाव राहायला एवढं पुरलं असतं. पण सूर ओलावतो तो दुसऱ्याच कारणानं. १८६१ साली क्वीन्सलंडमध्ये आदिवासींनी त्याच्या वडिलांना ठार मारलं, आणि पाचच वर्षांनी तो आदिवासींच्या क्रिकेट संघाचा शिक्षक आणि कप्तान झाला. केवढी ही क्षमा, असं मग म्हटलं जातं. माझ्या मते इथे क्षमेचा प्रश्नच येत नाही. तो आणण्यात नुसता शब्द चुकत नाही. ज्या समजुतीपायी त्या काळात माणसं मारली गेली, तीच समजूत या कौतुकाच्या पोटात दडलेली आहे.

वडिलांची हत्या जिथे झाली त्या कलिन-ला-रिंगोला काय झालं ते आधी पाहू. टॉमचे वडील होरेशियो विल्स दहा हजारांवर मेंढ्या हाकत, बैलगाड्यांसह महिनोन्‌महिने चालत त्या माळावर पोचले आणि तिथे त्यांनी तळ ठोकला. जमीन गायिरी लोकांची होती. सरकारदरबारी मात्र ती विल्स यांच्या नावे लागली होती. १७ ऑक्टोबर १८६१ च्या दुपारी, मंडळी उन्हामुळे तंबूंत आडवी झालेली असताना गायिरींनी हल्ला केला आणि १९ जणांना मारलं. त्यांत बायका होत्या, मुलं होती. टॉम सामान आणायला बाहेर गेला होता म्हणून वाचला. या हल्ल्याला मागचा पदर आहे. शेजारचा मळेवाला जेसी ग्रेगसन यानं गुरं-मेंढ्या चोरल्याच्या संशयावरून गायिरींवर गोळ्या झाडल्या होत्या. खुद्द टॉमच्या भावानं, सेड्रिकनं, पुढे या अनर्थाचं मूळ तिथेच असल्याचं सांगितलं. म्हणजे ग्रेगसननं केलं आणि विल्स यांच्या तळानं भोगलं. त्यानंतर गोऱ्या मळेवाल्यांच्या टोळ्या आणि सरकारचे नेटिव्ह पोलीस सूड घ्यायला निघाले. त्यांनी किती जणांना मारलं याचे अंदाज ३०० च्या पुढे जातात, आणि त्या मेलेल्यांपैकी कोण त्या दुपारी तंबूंपाशी होता हे कुणी विचारत बसलं नाही.

आता १८६६ कडे येऊ. टॉमनं ज्यांना क्रिकेट शिकवलं ते व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागातले, एडनहोप आणि हॅरो या गावांच्या परिसरातले, बहुतेक मेंढपाळीच्या मळ्यांवर राबणारे तरुण होते. जॉनी मुलाघ या नावानं गाजलेला उनारिमिन त्यांच्यातलाच, जार्दवाद्जली लोकांपैकी. गायिरींचा मुलूख तिथून दीड हजार किलोमीटरहून लांब. भाषा वेगळी, जमीन वेगळी, देणंघेणं शून्य. होरेशियो विल्स यांच्या मृत्यूशी उनारिमिनचा काय संबंध? ऑक्सफर्डच्या एखाद्या प्राध्यापकाचा ग्रेगसनच्या गोळ्यांशी जेवढा, तेवढाही नाही. मग टॉमनं त्याला क्षमा केली म्हणजे कशाची? ज्यानं अपराध केलाच नाही, त्याला क्षमा करणं म्हणजे आधी त्याच्यावर अपराध लादणं. आपल्याकडे ही गोष्ट महाभारतानं फार आधी मांडून ठेवली आहे. परीक्षिताला डसला तक्षक, पण जनमेजयानं सत्र मांडलं ते सगळ्या सर्पकुळाला जाळण्यासाठी. आस्तिकाच्या शब्दाखातर ते थांबलं. तक्षक सोडून जे साप होमकुंडात पडायचे राहिले, त्यांना जनमेजयानं क्षमा केली असं म्हणता येईल का? त्यांचं त्याच्याकडे काही देणंच नव्हतं. तो एका अन्यायातून बाहेर आला, इतकंच.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात बिशप बटलर यांनी क्षमेवर दिलेली प्रवचनं प्रसिद्ध आहेत. क्षमेचा संबंध त्यांनी क्षमा करणाऱ्याच्या मनातल्या संतापाशी जोडला होता. संतापाला द्वेषाची आणि सुडाची हद्द ओलांडू न देणं हे तिचं मर्म. इंग्लंडमधल्या रग्बी गावच्या शाळेत अँग्लिकन संस्कारांत वाढलेल्या विल्सच्या बाबतीत हा निकष गैर नाही. हत्येनंतरच्या दिवसांतली त्याची पत्रं सुडाच्या भाषेनं भरलेली आहेत. तो द्वेष सरसकट होता, मग तो शमला तर त्याला क्षमा का म्हणू नये? कारण संताप कुणावर आहे याला महत्त्व आहे. योग्य जागी असलेला संताप आवरला तर ती क्षमा. मुळातच चुकीच्या माणसांवर रोखलेला संताप सोडला तर ते शुद्धीवर येणं. दोन्ही कठीण, दोन्ही चांगलं. पण दुसऱ्यात उपकार नसतो, आणि समोरच्यानं कृतज्ञ असण्याचा प्रश्नही नसतो. शिवाय १८६६ चा संघ हा धंद्याचाही मामला होता. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मेलबर्नच्या मैदानावर सुमारे दहा हजार लोक लोटले ते तिकीट काढून. लहानपणी जाब वुरुंग आदिवासी मुलांबरोबर खेळून त्यांची भाषा शिकलेल्या टॉमला या खेळाडूंशी जमवून घेणं इतर गोऱ्यांपेक्षा सोपं गेलं असणार. या साध्या कारणांनी तो लहान होत नाही.

दुसरा आक्षेप खुद्द खेळातूनच येतो. फुटबॉलमध्ये एकानं आगळीक केली तर फ्री किक पूर्ण संघाविरुद्ध मिळते. सामूहिक जबाबदारी एवढी अन्यायाची असेल तर विल्ससारख्यांनी घडवलेला खेळच कसा चालेल? उत्तर सोपं आहे. संघात माणूस आपणहून जातो, कप्तान मानतो, नियम आधी ऐकून घेतो. गायिरी आणि जार्दवाद्जली यांना एका संघात कुणी घातलं? ‘काळे’ हा संघ गोऱ्यांच्या बोलण्यातच तयार झाला. उलट मळेवाल्यांचा संघ खरोखर होता: पट्ट्यानं मिळालेल्या जमिनी, एकच कायदा, हाकेला धावणारे पोलीस. त्यामुळे तंबूतली मुलं मारण्याचं समर्थन होत नाही, पण दोन्ही बाजूंचे हिशेब सारखे होते असंही म्हणता येत नाही.

अलीकडे या चर्चेला नवं वळण लागलं. १८९५ सालचा ‘शिकागो ट्रिब्यून’मधला एक निनावी लेख २०२१ मध्ये उजेडात आला. सुडाच्या मोहिमेत आपण होतो, अशी कबुली विल्सनं दिल्याचं त्यात म्हटलं आहे. लिहिणारा अज्ञात, विल्स जाऊन तेव्हा १५ वर्षं झालेली. पुरावा म्हणून तो कच्चाच. पण लगेच काहींनी क्षमेच्या जागी प्रायश्चित्त हा शब्द बसवला: हातून पाप घडलं, म्हणून त्यानं आदिवासींना क्रिकेट शिकवलं. इथेही तीच गफलत. मारले गेले असतील ते गायिरी. जार्दवाद्जलींना फलंदाजी शिकवून ते देणं फिटेल कसं? उलट विल्सच्या वर्गानं ज्यांच्या जमिनीवर मळे उभारले, त्यांत उनारिमिनचे लोक होते. क्षमा करण्याजोगं काही कुणाच्या हाती असेलच तर ते त्यांच्या. मुलाघ पुढे १८७९ मध्ये लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश संघाविरुद्ध व्हिक्टोरियाकडून खेळला, आणि १८९१ मध्ये हॅरोच्या परिसरातच वारला. विल्सच्या मोठ्या मनावर इतकं लिहिलं गेलं, पण त्या मळ्यांबद्दल मुलाघनं कुणाला क्षमा केली होती का, हा प्रश्न त्या लिखाणात सहसा सापडत नाही.