दगडातला भार

संगमरवरी पुतळा पाहून आपण सहज म्हणून जातो, "अगदी जिवंत वाटतो!" असं नेमकं कशामुळे वाटतं? हुबेहूबपणामुळे म्हणावं, तर मेणाच्या पुतळ्यात कातडीच्या रंगापासून पापणीच्या केसापर्यंत सगळं जागच्या जागी असतं. तरी तो बाहुलाच राहतो. संगमरवरात प्रकाश किंचित आत शिरतो आणि त्वचेसारखी मऊ झळाळी येते, हे खरं. पण ती झळाळी फरशीलाही असते.

रोमच्या सेंट पीटर्समधली 'पिएता' बघा. मायकेलअँजेलोने ती १४९८-९९मध्ये, ऐन चोविशीत, करारा इथल्या संगमरवरात घडवली. क्रुसावरून उतरवलेला येशू मेरीच्या मांडीवर आहे. तिचा उजवा हात त्याच्या काखेखाली गेला आहे, मध्ये वस्त्र आहे. त्या वस्त्रातून तिची बोटं रुतली आहेत आणि बोटांच्या आधाराने मांस वर दाटून आलं आहे. खांदाही तेवढाच वर सरकला आहे. माझा जीव अडकतो तो इथे. जिवंत वाटणारं हे शिल्प खरं तर मृतदेहाचं. पण त्याचं ओझं आणि ते पेलणाऱ्या हाताची ताकद, दोन्ही दिसतात.

तसं मोजायला गेलं, तर हे शिल्प चुकीचं आहे. मेरी उभी राहिली, तर येशूपेक्षा कितीतरी थोराड दिसेल. भरगच्च चुण्यांखाली शिल्पकाराने तिची मांडी ऐसपैस केली, म्हणून वाढलेला पुरुष तिथे मावला. मापात त्याने सूट घेतली, भारात नाही.

सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमधल्या मायकेलअँजेलोच्याच मोझेसच्या पुतळ्याचंही तेच. उजव्या हाताची बोटं दाढीत गुंतली आहेत आणि दाढीच्या जड बटा त्या बाजूला ओढल्या गेल्या आहेत. करंगळी जराशी उचललेली. तेवढ्यासाठी कोपराखालचा एक लहानसा स्नायू आखडलेला.

कुणीतरी दाबतं, कुणीतरी दबतं; ओढ बसते, ताण येतो. झोपलेलं मूल उचलताना किती जड लागतं, हे आपल्या हातांना ठाऊक असतं. दगडात तीच खूण सापडली, की त्याचा खरेपणा डोळ्यांच्या आधी हातांना पटतो.