हौशी आणि निष्काम

मोबदला न घेता केलेले काम तेवढ्यानेच निःस्वार्थ ठरते काय? प्रश्न दिसावयास सोपा आहे, आणि आपल्यापैकी बहुतेक जण त्याचे होकारार्थी उत्तर देऊन मोकळे होतात. संस्थेचा बिनपगारी चिटणीस, सभेचा बिनपगारी अध्यक्ष, वर्गणी गोळा करीत हिंडणारा कार्यकर्ता यांच्याविषयी आपल्या मनात जो आदर वसतो, त्याचा अर्धाअधिक भाग त्यांनी काय केले यापेक्षा काय घेतले नाही यावर उभा असतो. निष्काम कर्माची शिकवण ऐकत वाढलेल्या समाजात हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परंतु फलाची आसक्ती नसणे आणि फलाची गरज नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांतील भेद कोठे दडलेला असतो, हे पाहण्यास लॉर्ड हॅरिस या इंग्रज क्रिकेटपटूचे दीर्घ आयुष्य मोठे उपयोगी पडते. आणि त्या आयुष्याची जवळजवळ पाच वर्षे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर म्हणून गेली असल्यामुळे ते आपणांस अगदीच परके नाही.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात क्रिकेट खेळणाऱ्यांचे दोन वर्ग असत. खेळण्याबद्दल पैसे घेणारा तो धंदेवाईक, न घेणारा तो हौशी. ‘ॲमॅच्युअर’ या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधील प्रेमवाचक धातूत आहे; व्यवहारात मात्र त्याला ‘सद्गृहस्थ’ असा अर्थ आला होता. दोघे एकाच संघातून, एकाच खेळपट्टीवर खेळत; पण त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या आणि कित्येक ठिकाणी मैदानात उतरण्याची दारेही निराळी. ‘सद्गृहस्थ’ विरुद्ध ‘धंदेवाईक’ हा १८०६ साली सुरू झालेला सामना १९६२ पर्यंत होत राहिला. विसाव्या शतकात इंग्लंडने धंदेवाईक खेळाडूस कर्णधार नेमले ते प्रथम १९५२ साली, लेन हटनच्या रूपाने. या रूढीच्या मुळाशी एक नैतिक गृहीत होते. ज्याला खेळातून काही मिळवावयाचे नाही, त्याचीच बुद्धी समतोल राहते. म्हणून हुकूम चालविण्याचा अधिकारही त्याचाच!

या गृहीताचा मूर्तिमंत प्रतिनिधी शोधावयाचा तर तो लॉर्ड हॅरिस यांच्यातच सापडेल. १७९९ साली श्रीरंगपट्टण जिंकणाऱ्या जनरल हॅरिसचे हे पणतू. जन्म १८५१ सालचा, त्रिनिदाद बेटावरचा. शिक्षण ईटनला आणि ऑक्सफर्डला. केंट परगण्याचे ते बरीच वर्षे कर्णधार होते आणि इंग्लंडचे नेतृत्वही त्यांनी चार कसोटी सामन्यांत केले. १९३२ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते वारले, तेव्हाही मेरिलबोन क्रिकेट क्लबाचे खजिनदारपद त्यांच्याकडेच होते. साठ वर्षांहून अधिक काळ या माणसाने एका खेळाची सेवा केली, आणि तीबद्दल त्याने वेतन घेतले नाही.

त्यांच्या गुणांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १८७९ च्या फेब्रुवारीत सिडनी येथे त्यांच्या संघाचा सामना चालू असता, यजमानांचा आवडता फलंदाज मर्डॉक यास पंचाने धावबाद दिले. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले. हॅरिस यांच्या अंगावर प्रहारही झाला. पंच बदला, अशी मागणी झाली. ती त्यांनी मानली नाही आणि ते जागचे हलले नाहीत. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडात आला, तेव्हा हाच अपमानित कर्णधार ओव्हल मैदानावर त्यांच्याविरुद्ध इंग्लंडचा संघ घेऊन उतरला, आणि इंग्लंडच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना त्यामुळे घडून आला. १८८५ साली लँकशायरचे गोलंदाज चेंडू टाकीत नसून फेकतात असे वाटल्यावरून केंटने त्यांच्याशी ठरलेला परतीचा सामनाच रद्द केला, तो त्यांच्याच आग्रहाने. नियमासाठी लोकप्रियता आणि स्नेह दोन्ही पणास लावणारा हा मनुष्य होता.

हाच मनुष्य १८९० साली मुंबईस आला. गोऱ्या अधिकाऱ्यांचा पोलो आणि देशी तरुणांचे क्रिकेट यांचा मैदानावरील झगडा तेव्हा जुना झाला होता. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडते, ही देशी खेळाडूंची साधी तक्रार. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली त्या झगड्यावर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. हॅरिस यांच्या कारकीर्दीत मुसलमान आणि हिंदू यांच्या जिमखान्यांस समुद्रकाठी स्वतंत्र जागा मिळाल्या, आणि याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु युरोपीयांच्या जिमखान्याचे मूळ मैदानावरील स्थान त्यामुळे अबाधित राहिले, आणि एका समाजास एक जिमखाना ही विभागणी जमिनीच्या रूपाने कायम झाली. जातवार संघ त्यांच्या पूर्वीही होते, हे खरे. तथापि रूढीस सरकारी मोजणीची रेघ मिळाली, म्हणजे ती पुसणे कठीण होते. जातवार सामने मुंबईत १९४६ पर्यंत चालत राहिले. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदु-मुसलमानांचे दंगे पेटले, तेव्हा गव्हर्नरसाहेब पुण्याजवळ गणेशखिंडीस होते; मुंबईस येण्यास त्यांनी फार दिवस लावले, अशी कडक टीका त्यांच्यावर झाली.

सिडनीस प्रहार सोसून पंचाचा मान राखणारा आणि मुंबईत गोऱ्यांचा हक्क प्रथम सांभाळणारा, हे दोघे एकच पुरुष कसे? ढोंगी म्हणून त्यांची संभावना करणे सोपे आहे. माझ्या मते ते चुकीचेही आहे. खेळाच्या मैदानावर नियम आधीच ठरलेले असतात, ते दोन्ही पक्षांस सारखे असतात, आणि कर्णधाराच्या वरही एक पंच असतो. तेथे न्यायी असणे म्हणजे आपल्याहून वरचढ अशा निर्णयापुढे मान लववणे, आणि ते हॅरिस यांना उत्तम साधत असे. राज्यकारभारात नियम करणारे तेच, ते लावणारेही तेच, आणि ज्यांच्यावर ते लागू व्हावयाचे त्यांना दाद मागण्यास वरचा पंच नाही. खेळाने त्यांना आज्ञापालनातील न्याय शिकविला. सत्ता हाती असता आपलीच बाजू कमी करण्याचा न्याय खेळ शिकवू शकत नाही, कारण खेळात तसा प्रसंगच येत नाही.

आणि येथेच हौशीपणाचे गृहीत कोसळते. पैसा हे फळ खरे. पण ते फळांपैकी एक आहे. मान, वर्चस्व, सर्व गोष्टी आपल्या मनाप्रमाणे व्यवस्थित लागलेल्या पाहण्याचे समाधान, हीही फळेच आहेत, आणि श्रीमंतास त्यांची चटक अधिक लागते. हॅरिस पुढे दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींच्या एका मोठ्या कंपनीचे अध्यक्ष झाले. खेळातील पैशाचा त्याग त्यांस मुळीच जड नव्हता. १९२२ साली वॉल्टर हॅमंड या विशीच्या उंबरठ्यावरील धंदेवाईक खेळाडूस ग्लॉस्टरशायरकडून परगण्यांच्या स्पर्धेत खेळण्याची मनाई झाली. जन्म केंटमधला आणि वास्तव्याची मुदत अपुरी, हे कारण. आणि ती हरकत लावून धरण्यात हॅरिस अग्रभागी होते. नियम निःसंशय तसाच होता. परंतु त्याच नियमाने एखाद्या जमीनदाराच्या मुलाची एका उन्हाळ्याची करमणूक गेली असती. हॅमंडचा एका वर्षाचा धंदा गेला. अक्षराने समान असलेला नियम वजनाने समान असतोच असे नाही, आणि ते वजन ज्याने कधी खांद्यावर घेतले नाही त्याच्या ध्यानात ते येणे दुर्घट असते.

हा दोष इंग्रजांच्या पदरी टाकून आपण सुटू असे मात्र नाही. १९११ साली पहिला अखिल हिंदी संघ इंग्लंडात गेला; त्यात शंभराहून अधिक बळी घेणारे गोलंदाज म्हणजे पळवणकर बाळू. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखता राखता त्यांनी आपली कला कमावली. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले. पण ते जातीने चांभार, म्हणून चहा बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात. त्यांची गोलंदाजी सर्वांना हवी होती. कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले. ज्यांनी ते भांडे निराळे ठेवले, तेही काही पोटासाठी खेळत नव्हते. तेही हौशीच होते. आणि वेतन घेणाऱ्या बाळूंची खेळावरील प्रीती कोणा सद्गृहस्थाहून उणी होती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

त्याच वर्षी, त्याच हिंदी संघाविरुद्ध, केंटच्या बाजूने लॉर्ड हॅरिस पुन्हा मैदानात उतरले. वय साठ. त्या वयात नवी कीर्ती मिळण्याजोगी नव्हती, जुनी झाकोळण्याचीच भीती अधिक. तरी ते उतरले, कारण खेळ त्यांना आवडत असे. ही प्रीती खरी होती, आणि मुंबईची शाळकरी मुले आजही त्यांच्या नावाच्या ढालीसाठी आझाद मैदानावर झुंजतात, हे तिचेच दूरचे फळ आहे. १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी ६६४ धावांची भागी केली ती याच ढालीच्या स्पर्धेत. आणि त्या वेळी कोणता मुलगा कोणत्या समाजाचा, हे कोणी विचारले नाही.

तेव्हा बिनपगारी सेवकास आपण आदर अवश्य द्यावा; पण तो देताना एक प्रश्न मनात ठेवावा. या गृहस्थाने काय घेतले नाही, हे आपणांस दिसते. जे त्याच्या मुठीत आहे, ते पद, तो मान, तो शेवटचा शब्द, दुसऱ्याची बाजू खरी ठरली तर सोडावयास तो तयार आहे काय? हॅरिस यांच्या आयुष्याने या प्रश्नाचे उत्तर अर्धेच दिले. उरलेले अर्धे, आपापल्या लहानशा सत्तेच्या जागी, ज्याचे त्याने द्यावयाचे आहे.