छातीची ऊब



काही दिवसांपूर्वी एका तरुण जोडप्याला भेटायला रुग्णालयात गेलो होतो. बाळ दोन महिने आधीच जन्मले होते. वजन दीड किलोही नव्हते. नर्स बाळाच्या वडिलांना सांगत होत्या, "शर्टाची बटणे सोडा आणि बाळाला छातीवर घ्या." तो मात्र दाराशीच घुटमळत होता. मला म्हणाला, "फादर, हे बायकांचं काम. आणि माझ्या हातात ते मोडेल अशी भीती वाटते." शेवटी तो बसला. अर्ध्या तासाने पाहिले, तर बाळ शांत झोपले होते आणि बापाचे डोळे भरून आले होते.

ह्या पद्धतीला 'कांगारू मदर केअर' म्हणतात. 1978 साली कोलंबियाच्या बोगोता शहरात डॉ. एडगर रे सनाब्रिया ह्यांनी ती सुरू केली. तिथल्या प्रसूती रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या. एकाच पेटीत एकापेक्षा अधिक बाळे ठेवावी लागत आणि जंतुसंसर्गाने ती दगावत. डॉक्टरांनी बाळाला टोपी आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभे धरून कापडाने बांधले. आईच्या अंगाची ऊब, तिच्या काळजाचे ठोके आणि तिचे दूध हेच बाळाचे औषध झाले.

जी युक्ती गरिबीतून सुचली, ती आज सर्वांनाच उपयोगी ठरली आहे. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेला एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. बाळाची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ज्यांना छातीशी घेतले, त्या बाळांमध्ये पहिल्या 28 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 12 टक्के होते. ज्यांना नंतर घेतले, त्यांच्यात ते 15.7 टक्के होते. डॉक्टरांचे उपचार दोन्हीकडे चालूच होते. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की, अशा बाळांना शक्य तितक्या लवकर, दिवसाचे 8 ते 24 तास छातीशी ठेवावे.

पवित्र बायबलमध्ये राजांच्या दुसऱ्या पुस्तकात शूनेम गावच्या स्त्रीची गोष्ट आहे. तिचा मुलगा दगावला. अलीशा संदेष्ट्याने आधी आपल्या सेवकाच्या हाती काठी पाठवली, पण काही घडले नाही. मग तो स्वतः गेला, प्रार्थना करून मुलाच्या अंगावर पसरला आणि त्या थंड देहात ऊब आली. तो परमेश्वराचा चमत्कार होता, हे वैद्यकशास्त्र आहे. पण दोन्हींतून एकच गोष्ट कळते, काठी पाठवून भागत नाही, स्वतः जवळ जावे लागते. आपल्या देवानेही स्वर्गातून केवळ निरोप पाठवला नाही. तो देह धारण करून आला, मरियेच्या कुशीत निजला आणि ज्याला कुणी शिवत नव्हते त्या कुष्ठरोग्याला त्याने हात लावला.

आता आपल्याविषयी. बाळ लवकर जन्मले की आपल्यातलेच कुणी विचारते, "काही जड उचललं होतंस का?" ती माउली आधीच स्वतःला दोष देत असते. तिला असे प्रश्न विचारू नका. आज्यांनो, "सारखं घेऊ नका, सवय लागेल" असे ह्या बाळांच्या बाबतीत म्हणू नका. त्यांना ती सवय लागायलाच हवी. आणि बाबांनो, लाजू नका. आई थकली की तुमची छातीही तितकीच उबदार असते.

दिवसभर बाळाला घेऊन बसणाऱ्या आईच्या घरी चूल कोण पेटवणार? मोठ्या मुलाला शाळेत कोण सोडणार? आपल्या वाडीत असे घर असेल, तर एक वेळचा डबा नेऊन द्या. तो डबाही त्या बाळाचे औषधच आहे.

काही बाळे एवढे करूनही राहत नाहीत. अशा आईवडिलांना मी एवढेच सांगेन, तुमच्या छातीवरचा त्याचा एकही तास वाया गेला नाही. त्याने जगात प्रेमच अनुभवले आणि तुमच्या कुशीतून ते पित्याच्या कुशीत गेले.

हे प्रभो, वेळेआधी आलेल्या प्रत्येक बाळाला तुझी ऊब आमच्या हातून मिळू दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू