जिजाईची म्हैस



कीर्तनकारास श्रोत्यांनी शिकवावे असे प्रसंग फार येत नाहीत, आणि आले तरी कीर्तनकार ते चारचौघांत सांगत नाही. नारदाच्या गादीवर उभे राहिले, मागे टाळकरी, शेजारी मृदंग आणि समोर पाच-सातशे माणसे असली, की आपणच काय ते जाणते असे वाटू लागते. मलाही चाळीस वर्षे तसेच वाटत आले. यंदाच्या बीजेला एका माऊलीने ते वाटणे पुष्कळ उतरविले. तो प्रसंग लिहितो.

नेवाशाच्या बाजूस एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. सांगता तुकाराम बीजेची. आदल्या रात्रीचे कीर्तन आणि बीजेचे दुपारचे, अशी दोन्ही माझ्याकडे. रात्री विषय वैराग्याचा लावला होता. आता वैराग्याचे निरूपण फार वेळ चालले की श्रोते पेंगतात, म्हणून मी उसाची गोष्ट काढली. ती तुम्हां सर्वांस पाठच आहे. तुकोबारायांना कोणी उसाची मोळी दिली, वाटेत पोरांनी मागितली, महाराजांनी वाटून टाकली. घरी येईतो एकच ऊस हाती उरला. जिजाईने संतापून तोच त्यांच्या पाठीत घातला. उसाची दोन कांडी झाली, आणि महाराज हसून म्हणाले की वाटणी बरी झाली, एक तुला, एक मला.

ही गोष्ट सांगताना मी जिजाईचा आवाज काढतो. आळंदीस गुरुजींनी हे शिकविलेले नाही, ही भर माझी. उपरण्याचा पदर करून कमरेला खोचतो, हातवारे करतो. मंडप हसून हसून लोटला. मृदंगाचार्यही हसले. मला बरे वाटले, हे का लपवू?

पहाटे काकडा आटोपून उतरल्या घरी परत आलो. घरची माऊली चुलीपुढे बसली होती. गॅस आहे घरात, पण भाकरी चुलीवरच. वय पंचावन्नच्या आसपास. तोवर तिची गाय पिळून झाली होती, डेअरीचे दूध गेले होते, आजारी सासूबाईंचे तोंड धुऊन झाले होते, नातवाचा शाळेचा डबा भरून बाजूला ठेवला होता. मला चहा दिला आणि भाकरी थापता थापता म्हणाली, “महाराज, एक विचारू का? राग येणार नाही ना?”

म्हटले, “विचारा ना माऊली.”

“ऊस खाल्ला ती गावातली पोरं. घरच्या पोरांनी त्या दिवशी काय खाल्लं?”

वाचकहो, न्यायशास्त्राची थोडी पाने मीही चाळली आहेत. पूर्वपक्ष कसा मांडावा, उत्तर कसे द्यावे, हे गुरुजींनी घोकून घेतले होते. या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही. मी गप्प बसलेला पाहून तीच पुढे बोलू लागली.

“पुस्तकात नसंल ते. कोण लिहितंय? रात्री सगळे हसले, मी बी हसले. मग घरी येऊन भांडी घासायला बसले न् हसू गेलं. महाराज, आमचे हे माळकरी. लग्नाला चौतीस वर्षं झाली, दर आषाढीला दिंडीत. मी कधी आडवलं नाही. माणूस देवाकडं चाललंय, आडवू नाही. पण पेरणी तेव्हाच येते, पोरांच्या शाळा तेव्हाच उघडतात. एका वर्षी हे दिंडीत न् मधल्याला ताप भरला. तीन रात्री मांडीवर घेऊन बसले. हे परत आले तर गावानं वाजतगाजत आणलं, समदे पाया पडले. मी बी पडले. पोरगं तोवर बरं होऊन अंगणात खेळत होतं. मग सांगण्यासारखं काही राहिलंच नाही.”

भाकरी उलटून तिने विस्तव पुढे ओढला.

“आमचं असंच असतं बघा. झालेलं काम दिसत नाही, राहिलेलं दिसतं. जिजाईचं बी तसंच असंल. तुम्ही तिची गोष्ट सांगता ती ज्या दिवशी ती चिडली त्या दिवसाची. बाकीच्या दिवसांचं काय? गोरोबाकाकांचं आख्यान लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. पोर तुडवलं गेलं, शेवटी देवानं दिलं परत. पण त्या बाईनं मधले दिवस कसे काढले, ते कोणी सांगत नाही.”

मी विचारले, “नाम घेता ना?” हा आम्हा कीर्तनकारांचा नेहमीचा आसरा. बोलणे अवघड झाले की नामावर आणावे.

ती म्हणाली, “भाकरी थापताना हरिपाठ होतो. सत्तावीस अभंग, सोळा भाकरी. भाकरी आधी संपतात.”

चहा घेऊन मी ओसरीवर जाऊन बसलो. दुपारचे कीर्तन उभे होते आणि डोक्यात एकच प्रश्न, घरच्या पोरांनी काय खाल्ले.

जिजाईविषयी आपल्याला काय माहीत आहे? पुण्याच्या आप्पाजी गुळवे सावकारांची ही लेक, माहेरचे नाव आवली. सुखवस्तू घरातून देहूस महाजनांच्या घरी आली. तुकोबारायांची थोरली कुटुंबे रखमाबाई, त्यांना दम्याचा विकार. इ. स. १६३० च्या सुमारास तो भयंकर दुष्काळ पडला. त्यात रखमाबाई अन्नावाचून गेल्या, संतू नावाचा मुलगाही गेला. पुढे महाराजांनी धाकटे बंधू कान्होबा यांना त्यांच्या वाट्याची कर्जखते दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. जिजाईने आपल्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून दिले, व्यापार केला, नफाही झाला, आणि परतताना ते द्रव्य एका नाडलेल्या माणसासाठी देऊन टाकले असे महिपतीबुवा सांगतात.

हे सर्व आम्ही वैराग्याचे दृष्टांत म्हणून सांगतो, आणि ते आहेतच. पण तेच प्रसंग चुलीपुढे बसून पाहा. ज्या घरात एक सवत आणि एक पोर भुकेने मेलेले आहे, त्या घरात ती बाई सहा लेकरे वाढवीत होती. काशी, भागीरथी, गंगा, महादेव, विठोबा आणि नारायण. तिने भुकेला भ्यावे यात नवल ते काय? आणि एवढे असूनही भंडाऱ्याच्या डोंगरावर, देहूपासून दोन कोस, नवऱ्यासाठी भाकरी घेऊन कोण जात होते? वाटेत पायात काटा रुतला तो पांडुरंगाने काढला असे परंपरा सांगते. काढणाऱ्याचा महिमा आम्ही तास तास गातो. भाकरी कोणाची होती, हे एका वाक्यात उरकतो.

स्मृतिकारांनी गृहस्थाच्या घरात पाच ‘सूना’ सांगितल्या आहेत. सूना म्हणजे जेथे नकळत जीवहत्या घडते ते स्थान. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. त्या दोषाच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ सांगितले. पाठशाळेत हे शिकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ती त्या ओसरीवर आली. ही पाचही स्थाने बाईच्या हाताखालची. आणि जनाबाईंच्या अभंगांत देव येतो तो कोठे येतो? जात्यापाशी दळू लागतो, केर भरतो, उखळापाशी कांडू लागतो, पाणी आणतो. स्मृतीने जेथे दोष मोजला, नेमका तेथेच जनाबाईंनी देव उभा केला. गोपाळपुरास जनाबाईंचे म्हणून जाते दाखवितात. पौर्णिमेच्या काल्याला आपण जातो तेव्हा त्याचे दर्शन घेऊन येतो. पाचातली चार झाली. चूल मी जिजाईची म्हणतो.

कोणी म्हणेल, जनाबाई अखंड नामात. जिजाई तर विठ्ठलाला शिव्या देत होती. या शंकेला आमच्याकडे एक ठरलेले उत्तर आहे, की शिव्या देताना का होईना, नाव त्याचेच घेतले. ते मी शेकडो वेळा सांगून टाळी घेतली आहे. आता ते मला अपुरे वाटते. जिच्या घरात दाणा नाही तिचा राग खरा होता. तो राग युक्तीने नामस्मरण करून टाकला की तिचे म्हणणे ऐकण्याचे काम उरत नाही, आणि आपण मोकळे होतो.

दुपारच्या बीजेच्या कीर्तनात वैकुंठगमनाचा प्रसंग येतो. फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१, म्हणजे इ. स. १६५०. परंपरा अशी सांगते की महाराजांनी जिजाईस निरोप पाठविला, वैकुंठास चालतेस का? ती म्हणाली, मी गरोदर आहे, पोरे लहान आहेत, घरी म्हैस आहे, मी येऊन कसे चालेल? येथे आम्ही सर्व कीर्तनकार थांबतो, कपाळावर हात मारतो आणि म्हणतो, पाहा मंडळी, म्हशीपायी वैकुंठ घालविले! पुन्हा हशा.

त्या दिवशी मी तेथे थांबलो, पण कपाळावर हात मारला नाही. श्रोत्यांना विचारले, सावतोबा अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, हे आपण भक्तीची परिसीमा म्हणून सांगतो. जिजाई देहूचे घर सोडून वैकुंठाला गेली नाही, हे अज्ञान म्हणून सांगतो. पुरुषाचा मळा तो योग आणि बाईचे घर ती आसक्ती, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

मग पुढचे सांगितले. तेव्हा पोटात होते ते नारायणबाबा. बापाचे तोंड न पाहिलेले हे पोर जिजाईने वाढविले. तेच नारायणबाबा मोठे झाले आणि त्यांनी इ. स. १६८५ साली देहूहून तुकोबारायांच्या पादुका आणि आळंदीहून ज्ञानोबारायांच्या पादुका पालखीत घालून पंढरीच्या वाटेला लावल्या. ‘ज्ञानोबा तुकाराम’ म्हणत आपण ज्या पालखीमागे चालतो, ती ज्याने उचलली, त्याला दूध पाजण्यासाठी ती बाई मागे राहिली होती. ती म्हणाली ते खरेच होते. म्हैस कोण पिळणार होते?

मंडपात कोणी हसले नाही. मागच्या बाजूला बाया बसल्या होत्या, त्यांतल्या काहींनी पदर डोळ्यांना लावला. बरोबर बाराला पुष्पवृष्टी झाली.

येथे एक सांगितले पाहिजे. हा लेख वाचून एखादा घरधनी म्हणेल, बरे झाले, घर सांभाळणे हीच भक्ती, तेव्हा तू बस घरी, मी जाऊन येतो. तसे माझे म्हणणे नाही. तव्यावरची भाकरी आपोआप नैवेद्य होत नाही. करणारीने मनात तो धरावा लागतो, आणि खाणाऱ्याने ती कोणाच्या हातची हे ओळखावे लागते. दुसरी गोष्ट आम्ही करीत नाही. आणि मी तरी दुसऱ्यांना काय सांगावे? माझ्या एकेचाळीस वाऱ्या झाल्या. आमच्या मंडळींची एक, तीही मुले मोठी झाल्यावर. प्रत्येक वर्षी निघताना तिने दशम्या बांधून दिल्या, उंबऱ्यात उभी राहिली, आणि मी मागे वळून पाहिले ते वीणेकरी आले का हे पाहण्यासाठी. घरी परतल्यावर मी तिला कधी विचारलेही नाही की हे पंधरा-वीस दिवस तू कसे काढलेस. चरणतीर्थ घेणाऱ्यांची गर्दी असायची.

त्या सप्ताहाहून घरी आलो त्या संध्याकाळी विचारले. ती आधी माझ्याकडे पाहतच राहिली, बरे वाटत नाही का म्हणाली. मग सांगू लागली ते रात्री अकरापर्यंत. त्यातले येथे लिहीत नाही. ते तिचे आहे.

त्या गावची हकीगत मात्र पुरी करतो. दुपारच्या कीर्तनात मी मंडपभर नजर टाकून त्या माऊलीस शोधीत होतो. ती दिसली नाही. महाप्रसादाच्या पंगती बसल्या तेव्हा कळले की ती सकाळपासून आचाऱ्याच्या हाताखाली मंडपामागेच होती. निघताना नमस्काराला आली. मी म्हटले, “माऊली, आज तुमच्याच प्रश्नावर कीर्तन केले, आणि तुम्हीच नव्हता.”

“होते की. कर्णा तिकडंच होता ना, समदं ऐकलं,” ती म्हणाली. “म्हणून तर आमटीत मीठ टाकायचं राहिलं. पहिली पंगत तशीच उठली, कोणी बोललं नाही बघा.”