भरपाई आणि कबुली

सिद्धेश्वर धरणाच्या काठी सांजवेळी भोई बांधव पूर्णेच्या पाण्यात जाळी सोडतात. पाण्याखालून कोणी आपले जाळे ओढील, अशी शंका त्यांच्या मनाला शिवत नाही. समुद्रावरील मच्छीमाराला मात्र तेवढी निश्चिंती उरलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या वायव्येस सुमारे ७० सागरी मैलांवर ‘मार्थोमा’ ही मासेमारी नौका आणि आपल्या नौदलाची पाणबुडी यांची टक्कर झाली. नौकेवर १३ जण होते. ११ वाचले, दोघे गेले. दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम. आपल्यापुढील प्रश्न निराळा आहे : बलिष्ठाच्या हातून दुर्बलाची हानी झाली, तर ते देणे पैशाने फिटते काय?

पैसा क्षुल्लक आहे, असे म्हणण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसाला नाही. नौका बुडते, तिच्यावरील कर्ज बुडत नाही. भरपाई हा दयाधर्म नव्हे, तो न्याय आहे. शुभवर्तमानातील जक्कय चौपट परत करण्यास सिद्ध झाला, तो उपकार म्हणून नव्हे. शिवाय पाणबुडी फिरते ती आपणा सर्वांच्या रक्षणासाठी. सर्वांच्या सुरक्षिततेची किंमत एकट्या कोळ्याच्या घराने का मोजावी?

तथापि भरपाईने सारे संपत नाही. ९ फेब्रुवारी २००१ रोजी हवाई बेटांजवळ अमेरिकेची ‘ग्रीनव्हिल’ पाणबुडी पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखविताना वेगाने वर आली आणि ‘एहिमे मारू’ या जपानी प्रशिक्षण नौकेवर आदळली. नऊ जण दगावले. त्यांत चार विद्यार्थी होते. पुढे भरपाई ठरली. परंतु कुटुंबांना आपल्या माणसांचे देहही हवे होते. सुमारे ६०० मीटर खोलीवरून नौका उचलून आठ देह काढण्यात आले. पाणबुडीचा कप्तान २००२ साली स्वतः जपानला जाऊन क्षमा मागून आला.

याउलट २०१५ साली आयरिश समुद्रात ब्रिटिश पाणबुडीने ‘करेन’ या नौकेचे जाळे ओढले. माणसे वाचली, पण सरकारने आपली पाणबुडी तेथे असल्याचे कित्येक महिने नाकारले. तेवढे दिवस त्या खलाशांचा शब्द अमान्य राहिला. ही हानी कोणत्या पावतीवर लिहावी?

प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप, पापनिवेदन आणि मग भरपाई, असा क्रम आहे. कबुली टाळून दिलेला पैसा तोंड बंद करतो, जखम नव्हे. आपल्या घरांतही आपण दुखावलेल्या माणसाच्या हाती पाकीट ठेवून दार लावून घेतो. त्याला पाकीट हवेच असते. पण ‘माझे चुकले’ हे शब्द ऐकण्यासाठी तो दारात थांबलेला असतो.