आजचं चिंतन : हरी सांभाळतो, हर सोडवतो



आजचा आधार : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय 8. अवधूत आणि यदुराजाचा संवाद.

अवधूतांनी चोवीस गुरू केले, हे आपण ऐकलेलं असतं. एकनाथ महाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली, 1573 मध्ये काशीला ती पूर्ण केली आणि हे गुरू आपल्या घराघरांत आले. त्यातले दोन आज घेऊ : समुद्र आणि मधमाशी. विषय साधाच आहे, आपलं भरून वाहणारं कपाट! आणि मन न्यायचं आहे श्रीवर्धन तालुक्यातल्या हरिहरेश्वरला.

आधी समुद्र. अवधूत सांगतात, पावसाळ्यात नद्या भरभरून आल्या म्हणून समुद्र उतू जात नाही आणि उन्हाळ्यात त्या आटल्या म्हणून तो सुकत नाही. भक्ताने तसं असावं. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री हरिहरेश्वरजवळच समुद्राला मिळते. 2021 च्या जुलैमध्ये याच सावित्रीच्या पुराने महाडमध्ये घरं, दुकानं बुडवली. तेवढं सगळं पाणी शेवटी समुद्रात गेलं. समुद्र होता तसाच राहिला.

आपलं काय होतं? पार्सल आलं की भरती, सेल हुकला की ओहोटी! इथे वस्तूंना दोष नाहीये. समुद्रानेही नद्यांना कधी नाही म्हटलं नाही. प्रश्न इतकाच, की वस्तू आल्यावर किंवा गेल्यावर मी किती हलतो?

आता मधमाशी. ती फुलाला न दुखवता थोडं थोडं घेते, हे तिच्याकडून शिकायचं. आणि जी नुसता साठाच करत बसते ती साठ्यासकट जाते, हेही तिच्याकडूनच शिकायचं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर पायऱ्या उतरून समुद्राकडे गेलं की खडकांवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. लाटांचं खारं पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे कण तयार होतात आणि ते खडकाचे कण सुटे करतात. किती काळ हे चाललंय कुणास ठाऊक! पोळं आहे, पण त्यात काहीच साठवलेलं नाही. तरी लोक थांबून बघतात.

इथे तुम्ही म्हणाल, अवधूत संन्यासी होते, आम्हाला संसार आहे. बरोबर आहे. गृहस्थाला साठवावं लागतंच. कोकणात पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करतात : तांदूळ, डाळी, पापड, सुकी मासळी, सरपण. पण आगोट कशासाठी आणि कधीपर्यंत, हे भरतानाच ठरलेलं असतं. पाऊस सरेपर्यंत ती संपतेही. आपल्या माळ्यावरच्या खोक्यांना मात्र ना हेतू, ना तारीख. 'कधीतरी लागेल' एवढाच त्यांचा पत्ता. बेगमी आणि पसारा यांतला फरक हाच.

म्हणून आवरायला बसलो की एक जपायचं. आईच्या जपून ठेवलेल्या पिशव्या आणि रिकाम्या डब्यांवर आधी हात टाकायचा नाही. तिने टंचाई पाहिलेली असते. तिच्या लेखी तो डबा म्हणजे आधार असतो. न विचारता फेकला, तर घर मोकळं होईल पण आईचं मन भरून येईल. त्याला वैराग्य म्हणत नाहीत. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत योग्याला 'अपरिग्रही' म्हणतात. तो अपरिग्रह स्वतःचा असतो, दुसऱ्यावर लादायचा नसतो. आणि आवरण्यासाठी नवे डबे, नव्या बास्केट मागवणं हाही परिग्रहच बरं का!

या क्षेत्राच्या नावातच उत्तर आहे. हरी पालन करतो, हर लय करतो. दोघं एकाच नावात शेजारी आहेत. घरात नुसता हरी धरला तर घराचं गोदाम होतं. नुसता हर धरला तर आजीची पोथीही रद्दीत जाते. काय सांभाळायचं आणि काय सोडायचं, हा विवेक म्हणजेच हरिहराची पूजा.

आणि सोडल्यावर हाताला काय लागतं? बघणं लागतं. प्रदक्षिणेचा तो समुद्राकडचा भाग ओहोटीलाच करता येतो. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या कॅलेंडरला ती विचारत नाही. थांबावंच लागतं. थांबलेल्या माणसाला दिसतं, की ओल्या वाळूवर इवलेसे खेकडे दाण्याएवढ्या गोळ्यांची रांगोळी घालतायत. पुढच्या भरतीत ती पुसली जाते आणि पुन्हा ओहोटी लागली की ते नव्याने सुरू करतात. एकही गोळी कोणी जपून ठेवत नाही. असं काही आपल्या खिडकीतही रोज घडत असतं. फक्त खिडकीपुढची खोकी हलवावी लागतात.

आजचा संकल्प : एकच खण उघडायचा, स्वतःचा. प्रत्येक वस्तूला विचारायचं, 'तू आगोट की पसारा?' जे कुणाच्या उपयोगी पडेल ते आठवड्याच्या आत त्याच्या हाती द्यायचं. मग रिकाम्या झालेल्या जागेकडे दोन मिनिटं नुसतं बघायचं, नाम घेत. तिथे लगेच काही ठेवायचं नाही.

हरी हर! उद्या भेटूच.