गर्दीतून बाजूला



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील बहिऱ्या माणसाची कथा आपण अनेकदा ऐकली आहे. प्रभूने त्याच्या कानांत बोटे घातली आणि 'इफ्फाथा', म्हणजे 'मोकळा हो' असे म्हटले, एवढे आपल्या लक्षात राहते. स्नानसंस्काराच्या वेळी बाळाच्या कानाला व ओठाला स्पर्श करण्याचा विधी त्यावरूनच आला. पण त्याआधी प्रभूने त्याला लोकांच्या गर्दीतून बाजूला नेले, हे आपण सहज ओलांडून जातो. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला गर्दी म्हणजे नुसता गलका. प्रभूने आधी तो गलका दूर केला. मग स्पर्श, वर आकाशाकडे पाहणे, उसासा. बहिऱ्याला डोळ्यांनी कळेल अशीच ही भाषा होती.

आपल्याकडचे एक आजोबा. दौंडला रेल्वेत, इंजिनांच्या आवाजात त्यांची नोकरी गेली. रविवारच्या मिस्साला न चुकता पुढे बसत. मग मागच्या बाकावर गेले, नंतर दाराशी उभे राहू लागले. त्यांची श्रद्धा थंडावली असे समजून मी एकदा मिस्सानंतर त्यांना चारचौघांत बोललो, तेही मोठ्याने. त्यानंतर ते आलेच नाहीत. घरी गेलो तेव्हा सूनबाई म्हणाली, "फादर, त्यांना प्रवचनातलं काही कळत नाही. आणि पापनिवेदनाला जायची लाज वाटते. ते मोठ्यानं बोलतात, तुम्हीही मोठ्यानं बोलता, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातं." त्या दिवशी मलाच पापनिवेदनाला जावेसे वाटले.

श्रवणयंत्र घरात होते, कपाटाच्या खणात, डबीसकट. दोन दिवस लावून त्यांनी ते काढून ठेवले होते. "माणसाचं बोलणं सोडून सगळं ऐकू येतं," असे त्यांचे म्हणणे. भांडी, पंखा, मोटारसायकल.

बंधुभगिनींनो, यंत्र म्हणजे चष्मा नव्हे. चष्मा लावला की लगेच दिसते. वर्षानुवर्षे जे आवाज मेंदूपर्यंत पोहोचलेच नाहीत ते ओळखायला मेंदूला पुन्हा शिकावे लागते, आणि त्याला काही आठवडे लागतात. सुरुवात शांत खोलीत, एका माणसाशी बोलत, रोज तास-दोन तास अशी करावी. बाजारात आणि लग्नात नंतर. पहिल्याच दिवशी वरातीत यंत्र लावून गेलेला माणूस ते पुन्हा लावत नाही. इथेही आधी गर्दीतून बाजूलाच जावे लागते.

वयाने किंवा कारखान्याच्या आवाजाने कान जातात तेव्हा बहुधा बारीक आवाज आधी जातात: स, श, फ यांसारखे. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. ओरडून ते भरून निघत नाही. समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत जाणाऱ्या तरुणांनी कानात बोळे घालायचा कंटाळा करू नये. गेलेले ऐकणे यंत्राने जसेच्या तसे परत येत नाही.

यंत्र शिट्टी मारत असेल तर ते सैल बसले आहे किंवा कानात मळ आहे. बॅटरीवरचा कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यावी, मग ती घालावी. रात्री बॅटरीचे दार उघडे ठेवावे. पावसाळ्यात यंत्र ओल शोषणाऱ्या पुडीच्या डबीत ठेवावे. तपासणीशिवाय, जाहिरात बघून यंत्र घेऊ नये. आणि एका कानाचे ऐकणे अचानक गेले तर वाट न पाहता त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. ऐपत नसेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून आणि ज्येष्ठांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून यंत्र मिळू शकते. कागदपत्रांसाठी आपल्या तरुण मंडळींनी म्हाताऱ्यांबरोबर जावे. मार्कच्या कथेतही त्या माणसाला कोणीतरी प्रभूकडे घेऊन आले होते, तो एकटा आला नव्हता.

बहिरेपण देवाच्या सेवेच्या आड येत नाही. मे २०२४ मध्ये केरळात थ्रिसूर येथे जोसेफ तेर्माडम यांना गुरुदीक्षा मिळाली. जन्मापासून कर्णबधिर असलेले ते भारतातील पहिले धर्मगुरू. ते सांकेतिक भाषेत मिस्सा अर्पण करतात. मग आपण आपल्याच म्हाताऱ्यांना दाराशी का उभे करावे?

पुढच्या रविवारपासून उजवीकडची पहिली दोन बाके ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी राखलेली असतील. त्यांच्यावरचा पंखा बंद राहील. शिरूरहून येणाऱ्यांना उशीर झाला तरी ती जागा त्यांची. वाचकांनी मान वर करून वाचावे. पापनिवेदन शनिवारी संध्याकाळी माझ्या खोलीत, दार लावून. लिहून आणले तरी चालेल, कागद तुमच्याच हातात परत दिला जाईल.

आजोबा आता पुन्हा पुढे बसतात. गायनवृंदाने कीबोर्ड सुरू केला की मात्र ते यंत्र बंद करतात. त्यामागचे कारण त्यांनी मला सांगितले आहे, ते मी इथे छापत नाही.